कॅप्टनची बाजू: कोझिकोडचा अपघात आणि साताऱ्यातला एक फ्लेक्स

सुभेदारसाहेबांनी फ्लेक्सचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "सर, शुद्धलेखन तेवढं बघा. संध्याकाळी पोवई नाक्यावर छापायला टाकायचंय." ऑगस्ट २०२२ चा पहिला आठवडा होता. एनडीएची तयारी करणाऱ्या पोरांसाठी आम्ही चार-पाच माजी सैनिक साताऱ्यात रविवारचा वर्ग घेतो. कुणी गणित घेतं, कुणी मुलाखतीची तयारी करून घेतं, मी विमानांबद्दल बोलतो. त्या वर्षी ७ ऑगस्ट नेमका रविवारी आला होता, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याच तारखेला कोझिकोडच्या विमान अपघातात गेलेले वैमानिक कॅप्टन दीपक साठे यांना श्रद्धांजली वाहून पोरांना त्यांच्याबद्दल सांगायचं ठरलं. माणूस सांगण्यासारखाच होता. नागपूरचं घर, एनडीए, हवाई दलाच्या अकादमीत स्वोर्ड ऑफ ऑनर, १९८१ ते २००३ हवाई दलात, आणि त्यानंतर प्रवासी विमानं.

मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका दोनच होत्या. बाकी सगळा मजकूरच चुकला होता.

विमानाची चाकं उघडली नाहीत, कॅप्टननी विमानतळाला तीन घिरट्या घालून इंधन संपवलं, टेकण्याआधी इंजिनं बंद केली आणि स्वतःचा जीव देऊन बाकीच्यांना वाचवलं, असा त्याचा सारांश. हा फॉरवर्ड अपघातानंतर दोन दिवसांत माझ्याकडेही आला होता, निदान सात ग्रुपांवरून. तेव्हा मीही तो पुढे ढकलला होता, हे आधीच कबूल करतो. पण सप्टेंबर २०२१ मध्ये विमान अपघात तपास ब्यूरोचा अहवाल आला. त्यानंतर तोच मजकूर पुन्हा छापायचा म्हणजे अवघड होतं. त्यात मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. विमानाची चाकं हा माझा वीस वर्षांचा पोटापाण्याचा विषय. "चाकं उघडली नाहीत" हे वाक्य माझ्या हातून तपासून जायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

मी फोन केला. "सुभेदारसाहेब, चाकं उघडली होती."

"असं कसं? सगळीकडं तेच आलंय."

"आलंय खरं. पण विमान चाकांवरच उतरलं होतं."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग ते म्हणाले, "सर, म्हणजे तुमचं म्हणणं, साहेबांची चूक होती?"

हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते या एका प्रश्नामुळे. चाकं उघडली होती एवढंच मी म्हणालो होतो, आणि पुढच्या वाक्यात गेलेला माणूस आरोपी झाला. म्हणजे आमच्याकडे दोनच खुर्च्या होत्या, एक वीराची आणि एक गुन्हेगाराची. एकीवरून उठवलं की माणूस दुसरीवर बसणारच.

त्या संध्याकाळी

७ ऑगस्ट २०२०. कोविडमध्ये परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेतलं एअर इंडिया एक्सप्रेसचं १३४४ हे विमान, बोइंग ७३७-८००, दुबईहून कोझिकोडला येत होतं. आत १८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी. सकाळी याच वैमानिकांनी कोझिकोडहून विमान दुबईला नेलं होतं आणि संध्याकाळी तेच परत आणत होते. केरळचा ऑगस्ट म्हणजे काय पाऊस, ते महाबळेश्वरकरांना सांगायला नको.

कोझिकोडची धावपट्टी टेबलटॉप आहे, म्हणजे डोंगर सपाट करून वर बांधलेली. पोरांना हे सांगायला मला फळा लागला नाही. पाचगणीचं टेबललँड डोळ्यांसमोर आणा म्हटलं. वर सपाट सडा, आणि कडा संपली की थेट खाली. त्या सड्यावर २,७०० मीटरची पट्टी कल्पा, म्हणजे ८,८५८ फूट.

पट्टी एकच असली तरी तिला दोन टोकं असतात, आणि टोकागणिक नाव वेगळं. होकायंत्रावर साधारण २८० अंशांकडे तोंड करून उतरलं तर ती २८ नंबरची, उलट बाजूनं १०० अंशांकडे उतरलं तर १० नंबरची. साठे यांनी आधी २८ वर प्रयत्न केला, जमेना म्हणून विमान परत वर घेतलं. दुसऱ्यांदा ते १० नंबरच्या बाजूनं आले. दरम्यान एका दुसऱ्या विमानाला १० वरून उडायचं होतं, म्हणून टॉवरनं वापरातली बाजू बदलली होती. १० वर त्या वेळी वारा मागून होता.

मागचा वारा समजला तर या अपघाताचं अर्धं गणित सुटतं. विमानाला तरंगायला हवेशी असलेला वेग लागतो, जमिनीशी असलेला नाही. समोरून वारा असेल तर जमिनीवरचा वेग तेवढा कमी होतो, मागून असेल तर तेवढा वाढतो. अहवालाप्रमाणे चाकं टेकली तेव्हा मागच्या वाऱ्याचा जोर १४ नॉट होता आणि जमिनीवरचा वेग १६५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३०५ किलोमीटर. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, हे पोरं बारावीला घोकतात. इथं ते घोकलेलं ओल्या पट्टीवर उतरलं होतं. टेकलं ते ४,४३८ फुटांवर. निम्मी पट्टी मागे राहिली होती.

विमान पट्टीच्या टोकावरून, पुढच्या सुरक्षा पट्ट्यावरून गेलं आणि सुमारे ११० फूट खाली कोसळून तुटलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. टाक्या फुटल्या, इंधन सांडलं, पण आग लागली नाही. आजूबाजूच्या गावातले लोक भर पावसात, कोविडच्या भीतीत, स्वतःच्या गाड्या घेऊन धावले. या लोकांवरचा फॉरवर्ड मला फार कमी वेळा आला.

आता फ्लेक्सवरच्या मजकुराकडे बघा. घिरट्या तीन नव्हत्या, उतरण्याचे प्रयत्न दोन होते. इंधन संपवलं म्हणावं, तर टाक्या फुटून ते सांडलं होतं, आणि उडताना इंधन बाहेर सोडून देण्याची सोयच ७३७ मध्ये नसते. इंजिनं बंद केली म्हणावं, तर टेकल्यावर रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे वेग मारायला इंजिनाचा उलटा जोर, वापरला गेला होता, आणि बंद इंजिनाला रिव्हर्स कसला? आपल्या माणसाला मोठं करायला म्हणून जे लिहिलं, त्यातलं एकही वाक्य तपासाला टिकत नव्हतं. वर्गातल्या एखाद्या हुशार पोरानं मोबाइलवर अहवाल उघडला असता, तर त्याच्या नजरेतून आम्ही उतरलो असतो आणि आमच्याबरोबर कॅप्टनही.

सत्तावीस सेकंद

वर्गाला त्या दिवशी एका पोराचे वडील आले होते. महाबळेश्वर मार्गावर टुरिस्ट गाडी चालवतात. मागच्या बाकावर, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मी अहवालातली एक गोष्ट सांगत होतो. २८ नंबरवर उतरण्याच्या पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर सुमारे २७ सेकंद चालला आणि बंद पडला. दुसऱ्या प्रयत्नात चालला, पण ठेवलेल्या वेगापेक्षा हळू.

ते गृहस्थ एकदम म्हणाले, "साहेब, मग दिसत काय असणार?"

मग त्यांनीच पोरांना समजावलं. मला ते इतकं नेमकं सांगता आलं नसतं. काचेवर पाणी राहिलं की समोरचा दिवा एक राहत नाही, त्याची फुली होते, तारा होतो, आणि तो दिवा जवळ आहे की लांब ते ठरवता येत नाही. केळघरच्या घाटात एकदा वायपर अडकला, तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली, खिशातली तंबाखू ओली करून काचेवर चोळली, त्यानं पाणी थेंबाथेंबानं न थांबता सपाट वाहून जातं, आणि दहाच्या स्पीडनं खाली आले. जुन्या ड्रायव्हरांना हे माहीत असतं. शेवटी म्हणाले, "आम्हाला तंबाखू चोळायला खाली तरी उतरता येतं."

अहवालाच्या भाषेत हेच जरा कोरडं आहे: अंधार, पाऊस, कमी झालेली दृश्यता आणि नीट न चालणारा वायपर यांमुळे अंतराचा व उंचीचा भास चुकण्याची शक्यता नाकारता येत नाही. पट्टीच्या मध्यरेषेवर दिवे नव्हते. १० नंबरचा वारा मोजणारं यंत्र नियमाप्रमाणे बसवलेलं नव्हतं, त्यामुळे टॉवरला मिळणारा आकडाच शंकास्पद होता. आणि पट्टी बदलताना मागचा वारा जोराचा आहे, असा इशारा टॉवरनं दिला नाही.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर अपघात होत नाही. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर खाली जे एस वळण आहे, तिथं अपघात झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात एकच ओळ असते: चालकाचा ताबा सुटल्याने. खरीच असते ती ओळ. ताबा सुटतोच. पण वर्षानुवर्षं एकाच वळणावर वेगवेगळ्या चालकांचा ताबा सुटत असेल, तर नुसती चालकांची नावं लिहून भागत नाही.

सकाळचं विमान

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथं आहे, आणि फ्लेक्स लिहिणाऱ्यांना नेमकं हेच कधी सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहून निघणारं उड्डाण साठे यांच्याच नावावर होतं. रात्री विमान दुसऱ्या विमानतळाकडे वळवलं असतं, तर कामाचे तास वाढले असते, नियमाप्रमाणे विश्रांती घ्यावी लागली असती आणि सकाळचं विमान अडकलं असतं. त्या तळावर दुसरा कॅप्टन कुठे होता? अहवालात आकडा आहे: कोझिकोडच्या तळावर २६ को-पायलट आणि कॅप्टन एक. तपास पथकानं लिहिलं आहे की परत कोझिकोडलाच उतरायची चुकीच्या जागची ओढ साठे यांच्या निर्णयांमागे होती, आणि तिथं पुरेसे कॅप्टन नसणं हा कंपनीच्या मनुष्यबळ धोरणाचा दोष होता.

मी कधी विमान उडवलेलं नाही. पण ज्या माणसाला सांगितलेली वेळ पाळायची सवय आहे, त्याची ही ओढ मी हँगरमध्ये रोज पाहिली आहे. पावणेसहाला विमान तयार पाहिजे म्हटलं की आम्ही रात्रभर खपायचो, आणि सकाळी त्याच शिस्तीचं कौतुक व्हायचं. कर्तबगार माणूस हा तुटवड्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय असतो. चार माणसांचं काम त्याच्यावर टाकलं तरी तो "होईल साहेब" म्हणतो. झालं तर वाहवा मिळते, आणि एखाद्या रात्री नाही झालं, तर चूक त्याची.

अहवालात आणखी एक मुद्दा आहे आणि तो मी पोरांपासून लपवला नाही. साठे मधुमेहाची काही औषधं डॉक्टरी चिठ्ठीशिवाय घेत होते, आणि त्यामुळे रक्तातली साखर किंचित उतरून निर्णयशक्तीवर सूक्ष्म परिणाम झाला असण्याची शक्यता तपास पथकानं मांडली आहे. हे ऐकल्यावर मागून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. बाजू घेणाऱ्याला ही ओळ गाळायचा मोह होतो. पण हीच ओळ नंतर दुसऱ्या कुणाच्या तोंडून, वेगळ्या सुरात आली, तर तिला उत्तर द्यायला आपण शिल्लक राहत नाही.

"गो-अराउंड"

आता खरं अवघड.

अहवालातलं संभाव्य कारण एका वाक्यात असं आहे: विमान स्थिर नसतानाही उतरणं चालू ठेवलं, को-पायलटनं "गो-अराउंड" म्हटलं असतानाही विमान ठरलेल्या टप्प्याच्या पुढे, निम्मी पट्टी ओलांडून टेकवलं, आणि को-पायलटनंही ताबा घेऊन विमान वर नेलं नाही. त्याच्या लगेच पुढे तपास पथक म्हणतं की व्यवस्थेतल्या त्रुटींची भूमिका नजरेआड करता येत नाही. कॅप्टनविरुद्ध बोलणारे पहिलं वाक्य वाचतात, कॅप्टनच्या बाजूचे दुसरं. दोन्ही एकाच पानावर आहेत.

गो-अराउंड म्हणजे उतरणं सोडून विमान परत वर घेणं. को-पायलट अखिलेश कुमार यांनी आधी ठरलेल्या शब्दांत नव्हे तर अर्धवट शब्दांत सुचवलं आणि शेवटी स्पष्ट म्हटलं. नियम असा की हा शब्द कानावर पडला की वाद नाही, विमान वर. ते झालं नाही. दुसरीकडे जायला पुरेसं इंधनही होतं. त्यामुळे वैमानिक म्हणून त्या काही सेकंदांत कॅप्टन साठे चुकले, हे मी सरळ सांगितलं. सुभेदारसाहेबांनी मान खाली घातली.

मग मी मंगळूर सांगितलं. २२ मे २०१०. टेबलटॉपच, विमानही तसंच, कंपनी तीच, दुबईहूनच आलेलं. १५८ जण गेले, आठ वाचले. तिथंही को-पायलटनं तीनदा गो-अराउंड म्हटलं, तिथंही कॅप्टन उतरत राहिले, तिथंही को-पायलटनं ताबा घेतला नाही. तो कॅप्टन परदेशी होता. त्याची बाजू घेणारा एक मजकूरही कधी माझ्या वाचनात आला नाही. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप आपल्याकडे पोचलं नव्हतं म्हणा, पण पोचलं असतं तरी आला असता असं वाटत नाही. दहा वर्षांच्या अंतरानं दोन अगदी वेगळी माणसं त्याच जागी तशीच वागतात, तेव्हा मला माणसापेक्षा जागा जास्त दिसते. ज्युनिअर बोलतो, पण हात पुढे करत नाही. अहवालात त्याला अधिकाराची तीव्र उतरंड म्हटलंय.

"आमच्यात तर ज्युनिअर तोंडच उघडत नाही," सुभेदारसाहेब म्हणाले. वर्ग हसला. ते हसले नाहीत. १९८०च्या दशकात एका फायरिंग रेंजवर नवख्या जवानानं काहीतरी चुकतंय हे पाहिलं होतं आणि तो गप्प राहिला, एवढंच त्यांनी सांगितलं. पुढचं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

एका मुलीनं विचारलं, "सर, अहवालच चुकीचा असला तर?" प्रश्न चांगला होता, कारण तसं घडलेलं आहे. २८ नोव्हेंबर १९७९ ला एअर न्यूझीलंडचं डीसी-१० अंटार्क्टिकातल्या एरेबस पर्वतावर आदळलं, २५७ जण गेले. मुख्य निरीक्षकाच्या अहवालानं ठपका वैमानिकांवर ठेवला. नंतर न्यायमूर्ती पीटर माहोन यांच्या चौकशी आयोगानं दाखवलं की संगणकातला मार्ग आदल्या रात्री बदलला होता आणि कॅप्टन जिम कॉलिन्सना ते कुणी सांगितलंच नव्हतं. तिथं कॅप्टनची बाजू घेणं म्हणजे कागद शोधणं होतं. कोझिकोडचे कागद आधीच समोर होते आणि ते पुरेसे कडू होते. ते न वाचता "कॅप्टन निर्दोष" म्हणणाऱ्याला माहोन यांचं नाव घ्यायचा हक्क नाही, असं मी जरा चढ्या आवाजात बोलून गेलो. मुलीनं शांतपणे वहीत काहीतरी लिहिलं.

अपघाताचा तपास दोष किंवा जबाबदारी ठरवायला नसतो, पुढचा अपघात टाळायला असतो, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात लिहिलंय आणि भारताच्या २०१७ च्या नियमांतही. आम्ही मात्र अहवाल वाचतो तो निकालपत्रासारखा, पास की नापास.

छापलेला मजकूर

फ्लेक्स शुक्रवारी संध्याकाळीच छापून झाला होता. जुनाच मजकूर नव्हे. माझ्या फोननंतर सुभेदारसाहेबांनी काम थांबवलं होतं आणि आम्ही दोघं फ्लेक्सवाल्याच्या दुकानात, त्याच्या ऑपरेटरच्या मागे स्टुलावर बसून दीड तास भांडलो होतो.

पहिलं भांडण "शहीद" या शब्दावरून. तो मी काढायला लावला, त्यांनी "वीरमरण" आणलं. मी म्हटलं, आपण दोघंही वर्दीत होतो, हा शब्द कुठं वापरतात ते तुम्हाला मला शिकवायला नको. मग "दुःखद निधन" आलं. त्यावर ऑपरेटर पोरगा म्हणाला, "सर, हे भावपूर्ण श्रद्धांजलीवाल्या सगळ्यांनाच टाकतो आम्ही." शेवटी "कामावर असताना" हे दोन साधे शब्द राहिले. सुभेदारसाहेबांना ते फार रोडके वाटले. मला अजूनही तेच बरोबर वाटतात. बावीस वर्षं हवाई दल, मग प्रवासी विमानं, महामारीत अडकलेल्या माणसांना घरी आणण्याचं काम, वायपर बंद पडल्यावर पहिल्यांदा विमान परत वर घेणं, आणि दुसऱ्यांदा न घेणं. हे सगळं कामावर असतानाच झालं. "वीरमरण" म्हटलं की फक्त शेवटचा क्षण उरतो.

दुसरं भांडण १६९ या आकड्यावरून. "कॅप्टननी १६९ जीव वाचवले" हे त्यांना हवं होतं. मी म्हटलं, १६९ वाचले एवढं लिहा. कुणी वाचवले म्हणायचं असेल, तर स्वतःच्या गाड्या घेऊन धावलेल्या कोंडोट्टीकडच्या त्या गावकऱ्यांनाही जागा द्यावी लागेल. त्यांनी विचार केला आणि ती ओळच काढली.

सगळं जुळल्यावर ऑपरेटरनं प्रिंट द्यायला माउस उचलला, तेव्हा सुभेदारसाहेबांनी त्याचा हात धरला.

"थांब. त्या दुसऱ्याचं नाव कुठाय?"

"कुठल्या दुसऱ्याचं?"

"गो-अराउंड म्हणाला तो."

मी इतका वेळ कॅप्टनची बाजू नीट मांडायला भांडत होतो, आणि अखिलेश कुमार हे नाव माझ्याही मजकुरात नव्हतं. ऑपरेटरनं फोटो शोधला. जो सापडला तो लहान होता, फ्लेक्सच्या मापाला ताणला की चेहरा फाटत होता. कॅप्टनचा फोटो मोठा, स्वच्छ, गणवेशातला. दोघांना एका मापात बसवायचं तर कॅप्टनचा लहान करावा लागणार होता.

"करा लहान," सुभेदारसाहेब म्हणाले, आणि दर विचारायला काउंटरकडे गेले.